टाकी नंबर दोनची चिठ्ठी

बोईसर, १२ ऑगस्ट १९९१

तीर्थस्वरूप वामनदादांस,

कमलाकांतचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे खुशाल आहोत.

तुमच्या शब्दावर या रंगाच्या कारखान्यात लागलो, त्याला येत्या शनिवारी तीन महिने होतील, आणि मला कायम करायचं की नाही ते त्याच दिवशी ठरणार. तुम्हाला कॉम्प्युटर शिकवणारा मी कोण, पण आमचा चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम मुंबईचे एक गृहस्थ कंपाइल करून देऊन गेले, आता त्याच्या आत कुणालाच हात घालता येत नाही. रंग कुठल्या टाकीतला घ्यायचा तो आकडा बाहेर शेलमध्ये (प्रोग्राम सुरू करण्याआधी हुकूम टाइप करतात तिथे) लिहून ‘एक्स्पोर्ट’ करायचा, की तो निमूट ऐकतो. नाही सांगितलं तर आपल्या मनाने एक नंबरची टाकी धरतो (सासऱ्याचा स्वभाव).

शुक्रवारी पिवळ्या रंगासाठी मी दोन लिहिले, एक्स्पोर्ट केले, आणि साहेब आले. साहेब आले की आमच्याकडे नुसतं उठून भागत नाही, आपलं लॉगिनही बंद करून खुर्ची द्यायची (हाताखालच्याच्या नावावर बसणं म्हणजे उष्ट्या पानावर बसणं). माझ्या लॉगिनबरोबर माझा दोनचा आकडाही पुसला गेला. साहेबांनी स्वतःच्या नावाने प्रोग्राम चालवला आणि चिठ्ठी न बघताच प्रिंटरवरून फाडून खाली टाक्यांकडे पाठवली. मला त्याच क्षणी उमगलं, दादा, पण साहेबांना टोकायला जीभ रेटेना.

पाच मिनिटांत टाक्यांवर रंग ओतणारी मासवणची रखमा चिठ्ठी घेऊन दारात उभी. तिला अक्षर येत नाही, पण टाक्यांवरचे आकडे ओळखते. “एकमदी काला रंग हाय. मी नाय वतणार,” म्हणाली. साहेब मला ‘बघ रे’ म्हणून फोन घ्यायला आत गेले. मी पुन्हा माझ्या नावाने बसलो, दोनची चिठ्ठी काढली, पहिली खिशात घातली. माल वाचला. साहेब माझ्यावर खूश आहेत.

वहिनींना नमस्कार.

आपला,
कमलाकांत

ता. क. साहेबांनी परत येऊन नवी चिठ्ठी पाहिली, तिच्यावर दोनचाच आकडा होता. वाचता येत नसताना वाद घालते म्हणून रखमाला घरी बसवलंय. ती माझ्याकडे बघत होती, मी प्रिंटरकडे. फार लाज वाटते. साहेब तुमचं ऐकतात. चूक माझी होती हे तुम्हीच त्यांना लिहा. पहिली चिठ्ठी सोबत ठेवली आहे.

पुन्हा ता. क. साहेबांना लिहाल ते पत्र रजिस्टर करा आणि साहेबांच्या घरी पाठवा. ऑफिसचं टपाल मीच फोडतो, आणि शनिवारपर्यंत माझा मला भरवसा नाही.