तापल्या पायांची रजा

मोशुपा, अंगणातून
१० जून

प्रिय गोसेगो हिस,
स. न. वि. वि.

तुझ्यापासून वीस पावलांवर बसून पत्र लिहितोय, हसू नकोस. तुझ्या आईंनी तुझा फोन कुलपात ठेवलाय. बाळंतिणीच्या कानावर बाहेरचं काही नको म्हणे. आंबिलीच्या भांड्याखालून पत्र न्यायला मात्र तयार झाल्या. वाचणार त्याही, म्हणून जपून लिहितो.

जिल्हा परिषदेने बापांना दहा दिवसांची भरपगारी रजा सुरू केली, आणि आम्हा टँकर ड्रायव्हरांत ती घेणारा पहिला मीच. घरी करणार काय, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मुलीला मांडीवर घेणार, असं ऐटीत सांगून आलो. बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून तुमच्या दारात टाकलेलं आडवं लाकूड विसरलोच होतो. वाटेवरच्या माणसाचे पाय तापलेले असतात, ते आत आले की बाळ झिजतं, असं आई म्हणाल्या. ड्रायव्हरचे तर जास्तच. तीन महिने थांबा म्हणाल्या. आपल्या थोरल्या टुमोच्या वेळी थांबलो, आणि पहिल्यांदा घेतला तर भोकाड पसरलं त्याने. सहा वर्षांचा झाला, अजून माझ्याजवळ अवघडूनच बसतो. या वेळी तसं नको गं.

आहे तेवढी माया राहू दे,
तुझा ओलेबिले

आतल्या खोलीतून
१२ जून

प्रिय ओलेबिले यास,
स. न.

मुलगी बरी आहे. कान तुझे आलेत, इलाज नाही. तू लाकडं फोडतोस त्या आवाजाने झोपते. थांबलास की जागी होते.

मी फार दमलेय. आई माझ्याहून दमलीय. आत यायचं तिनेच, न्हाऊ घालायचं तिनेच, आणि गुडघे धरून उठते ते मला दिसू नये म्हणून पाठ फिरवते. तीही हे वाचणार, म्हणून एवढंच लिहिते, की मला तू इथे हवा आहेस.

आठवण ठेवावी,
तुझी गोसेगो

अंगणातून
१४ जून, सकाळ

प्रिय गोसेगो हिस,
स. न. वि. वि.

सात दिवस झाले. दुपटी धुतली, कुंपण बांधलं, जूनच्या या थंडीपासून ऑक्टोबरच्या पावसापर्यंत पुरतील एवढी लाकडं फोडली. सरकार दुपटी धुण्याचा पगार देतं का, असं शेजारचे म्हातारे रोज विचारतात. फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. तोंड कुठे दाखवू?

काल साहेबांचा निरोप आला. गुरांच्या ठाण्यांवर पाणी संपलंय, नुसताच बसला असशील तर टँकर घेऊन जा म्हणतात. मी कंटाळलोय. उरलेले तीन दिवस परत करून उद्या सकाळी निघतो. टुमोसारखीच हीही मला बघून रडणार, दुसरं काय.

राग नसावा,
ओलेबिले

आतल्या खोलीतून
१४ जून, दुपार

चि. ओलेबिले यांस,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतेय, गोसेगो लिहितेय. मधेच हसते, ते मी सांगितलेलं नाही.

जावईबापू, उद्या जाऊ नका. तुमची पत्रं वाचली, पण त्यापेक्षा तुमच्या पायांकडे माझं जास्त लक्ष होतं. सात दिवसांत ते गाडीवर चढले नाहीत, कुणाच्या मयताला गेले नाहीत. चुलीच्या झोपडीत एकटे निजलात. माझे यजमान खाणीवरून सुट्टीला येत, पण दोन दिवस एका जागी टिकले नाहीत. त्यांचे पाय मरेपर्यंत तापलेलेच राहिले. माझ्या पाचही पोरांना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते रांगतानाच.

तुमचे पाय निवलेत. मी नियम मोडत नाहीये, तीन महिने तापल्या पायांनाच, नियमच तसा आहे. टँकरवर चढलात की पुन्हा तापतील, मग तीन महिने मला विचारू नका. ठाण्यांवर पाणी न्यायला तुमच्या साहेबांकडे दुसरे ड्रायव्हर आहेत.

लाकूड मी बाजूला ओढलंय. बूट बाहेर काढा. हात चुलीवर शेकून या, गार हातांनी ती दचकते. तुम्ही तिला घ्या. सात दिवस माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही, मी आता झोपते.

तुमची सासू,
मा-गोसेगो