बसून घेतलेलं माप

रविवार, १२ जून १९६६

अण्णा, तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही, रागावू नका. आज तुमची परवानगी हवी आहे, आणि ती मिळायची नाही हेही ठाऊक आहे.

रुद्रभूमीतली, आपल्या त्या दफनभूमीतली, ती दुपार अजून डोळ्यांपुढून जात नाही. आई तापाने पडलेली, म्हणून शाळेतलं शिकवणं आटोपून मीच तुमचा डबा घेऊन आले. लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून पुरतात, त्यासाठी खड्ड्याच्या तळाशी कोनाडा कोरतात, एवढं मला माहीत होतं. त्याचं माप तुम्ही कसं घेता ते माहीत नव्हतं. मी काठावरून वाकून बघते, तर कोनाड्यात तुम्हीच मांडी घालून बसला आहात, पाठ मातीला टेकलेली, डोळे मिटलेले. वरून तुमच्या जोडीला खड्डे खणणारे मामा ओरडतात, "डोकं लागतंय काय, अण्णा? गिऱ्हाईक उंच हाय!" तुम्ही डोळे न उघडता म्हणता, "स्वल्प लागतंय." मामा हसतात. तुम्ही हसत नाही.

घरी तुम्ही कधी भिंतीला टेकला नाहीत. जेवायलाही स्वयंपाकघरात मधोमध बसायचात. आई चिडवायची, "भिंत चावते का तुम्हाला?" त्या संध्याकाळी तापातही ती तेच म्हणाली, पण मला हसू आलं नाही. तुमच्या ते लक्षात आलं असावं. अंगणात हात धुताना हळूच म्हणालात, "टेकलं की मागची माती सरकल्यागत वाटतं. कुणाला सांगू नको. भितो म्हटल्यावर काम कोण देणार?" मी 'सरी, बरं' म्हटलं. तुम्ही शेवटपर्यंत खाली उतरत राहिलात आणि मी गप्प राहिले.

गेल्या महिन्यात मामांच्या अंगावर खड्ड्याची कड ढासळली. छातीपर्यंत गाडले गेले होते. हाडं शाबूत आहेत, पण आता खड्ड्याच्या काठाशी गेले तरी त्यांना दरदरून घाम फुटतो. रुद्रभूमीचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या मते ही सगळी दारू आणि आळस. सोमवारी उतरायचं, नाहीतर घरी बसायचं. काल मामा आले होते, उंबऱ्यावरच टेकले.

"अक्का, झाडू मारतो, झाडांना पाणी घालतो. पन खाली नको. साहेब म्हनतोय, तुझ्या जोडीचा अण्णा बघ, मरेपातूर उतरला, कधी भ्याला न्हाई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? मलाबी तसंच वाटायचं की!"

म्हणजे तुम्ही मामांनाही सांगितलं नव्हतं. त्यांना खोटं पाडायला साहेब तुमचं नाव वापरतात, आणि खरं काय ते फक्त मला माहीत आहे. ते सांगितलं तर तिथे तुमच्या मागे उरलेला एवढा एक मान जाईल. न सांगितलं तर मामांना पुन्हा त्या मातीत उतरावं लागेल. दिवसभर स्वतःला विचारते आहे, तुम्ही शब्द घेतलात तो कायमचा, की पोट त्या कामावर होतं तोवरचाच? उत्तर मी माझ्या सोयीचं काढते आहे असंही वाटतं.

मला साहेबांची भीती नाही, अण्णा. तुम्ही मान फिरवाल, याची आहे.

उद्या : शाळेआधी मामांना घेऊन साहेबांकडे जाणे.