कॅलसचा वळू

३ मार्च २००३, सोमवार

डॅलसहून माणूस आला! अगदी टायवाला. आमच्या कॅलसमध्ये टाय लावून दोनच प्रकारचे लोक येतात — मयताला आलेले आणि मतं मागायला आलेले. हा तिसरा. नाव ट्रेंट कोलियर. वय माझ्या बुटांपेक्षा थोडं जास्त.

त्यांच्या कंपनीची एक्केचाळीस रेडिओ स्टेशनं आहेत, सगळी कंट्री संगीताची. सगळ्यांचं नाव एक, गाणी एक, निवेदक एक, आणि ते सगळं डॅलसमधून उपग्रहावरून येतं. नाव काय, तर ‘थंडरबुल’! गडगडणारा वळू. बेचाळिसावा वळू आपण व्हावं, अशी त्यांची इच्छा. मालक मीच राहणार. जाहिराती मीच मिळवणार. फक्त बोलायचं ते वळू बोलेल.

“आमचा पत्ता कसा लागला तुम्हाला?” मी विचारलं.

“तुमचा लौकिक आमच्यापर्यंत पोचला, हॉलिस.” पहिल्या भेटीत हॉलिस! डॅलसमध्ये तशीच रीत असावी.

घरी येऊन नेडाला सांगितलं. म्हणाली, “लौकिक? तुझं स्टेशन नदीपलीकडे ऐकू येत नाही.” बायको असावी तर अशी.

एक गोष्ट मात्र टोचली. तो गावाला कॅले म्हणतो! स्पेलिंग तेच असलं तरी तसं फ्रान्सात म्हणत असतील. इथं दीडशे वर्षं कॅलस आहे आणि कॅलसच राहणार.

४ मार्च

रात्रभर हिशेब मांडला — पैशांचा नव्हे, गुडघ्यांचा. सोळाव्या वर्षी याच स्टेशनच्या टॉवरवर चढून दिवे बदलायचो, एका दिव्यामागे एक जेवण. पुढे ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले आणि त्यातून हेच स्टेशन विकत घेतलं. आता टॉवरकडे नुसतं वर पाहिलं तरी गुडघे बोलतात. जाहिराती आटल्यात. वळूला हो म्हटलं तर मी दिवसभर तळ्यावर मासे धरत बसेन.

पण मग ऑर्लीनचं काय?

ऑर्लीन पिकरेल. सगळं गाव तिला मिस ऑर्लीन म्हणतं. गेली एकतीस वर्षं पहाटे पाचला स्टेशन तीच उघडते, रविवारीसुद्धा. सहा चाळीसला मयताच्या बातम्या, सव्वाआठला ‘अदलाबदल’ — लोक फोन करून सांगतात, माझ्याकडे कोंबड्या आहेत, मला पाळणा हवाय. ही बाई नसती तर कॅलसमधली निम्मी मुलं जमिनीवर झोपली असती.

वळू आला की ती गेली. करारात सरळ लिहिलंय — ‘स्थानिक निवेदन नको.’

सहीची मुदत ३० एप्रिल.

११ मार्च

ऑर्लीनला सांगितलं. सांगावंच लागलं — ट्रेंट स्टेशन बघायला आला आणि तिच्याच खुर्चीत बसला.

तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “म्हणजे सकाळी पाचला कोण बोलणार?”

“यंत्र, मॅडम. डॅलसहून.”

“रोज?”

“रोज.”

“रविवारीसुद्धा?”

“रविवारीसुद्धा, मॅडम. यंत्राला सुट्टी नसते.”

तिचा आवाज असा कापरा झाला! माझे कान तयार आहेत. फोनवर नुसता श्वास ऐकून सांगतो की पलीकडे लिलाववाला डॉयल आहे की डॉयलची बायको. टॉवरचा गुणगुणाट अर्धा सूर उतरला तरी जेवणावरून उठतो. तो कापरेपणा मला कळला. एकतीस वर्षं एका ‘रविवारीसुद्धा’त संपली बिचारीची.

आणि तरी त्याला पेकन-पायचा गोड तुकडा वाढला. एकदा नाही, दोनदा! काय मन आहे या बाईचं.

१४ मार्च

नेडा — “तिला काय वाटतं, विचारलंस?”

“विचारायचं काय? मला ऐकू येतं.”

“हं,” म्हणाली. नेडाचं ‘हं’ म्हणजे पूर्ण भाषण असतं.

२२ मार्च, शनिवार

वळूची चव घ्या म्हणून डॅलसवाल्यांनी आठवडाभर सकाळचा एक तास फुकट दिला. निवेदकाचं नाव डस्टी. खरं नाव काय असेल कोण जाणे. आवाज असा की जणू घशात घोड्याचं खोगीर अडकलंय.

काल डस्टी म्हणाला, “काय झकास ऊन पडलंय आपल्या कॅलेत! दोस्तांनो, गाडीच्या काचा खाली करा!”

तेव्हा बाहेर लिंबाएवढ्या गारा पडत होत्या. डॉयल स्टबलफील्डनं गाडीतूनच फोन केला. “हॉलिस, तुझ्या त्या माणसाला सांग, काचा खालीच आहेत. सगळ्या फुटल्यात.”

ऑर्लीननं मग स्वतः डॅलसला फोन लावला. दार उघडं होतं, मी ऐकत होतो. “हे बघ बाळ डस्टी, कॅले नाही. कॅलस. पायाला घट्टा पडतो, त्याला कॅलस म्हणतात ना, तसं. कॅ-लस. हां, पुन्हा म्हण. शाब्बास! आता ‘मयत’ म्हणताना आवाज खाली घे, ओरडू नकोस. मेलेल्याला घाई नसते.”

अर्धा तास शिकवलं त्याला! आपल्याच मारेकऱ्याच्या सुरीला धार लावून देतेय ही बाई. मला गलबलून आलं. खिडकीशी जाऊन गारा मोजत उभा राहिलो.

१ एप्रिल

ट्रेंटचा फोन: फलक तयार झालाय, वीस फुटी. शनिवारी गुरांच्या लिलावाला लावा, सगळा तालुका तिथं असतो. आज एप्रिल फूल आहे म्हणून दोनदा विचारलं. खरंच आहे म्हणाला.

५ एप्रिल, शनिवार

देवा! आजचा दिवस जन्मात विसरणार नाही.

लिलावाच्या गोठ्यावर फलक चढवला. लाल रंग, विजांचा कडकडाट, मधोमध नाकातून वाफा सोडणारं जनावराचं धूड. खाली अक्षरं — ‘थंडरबुल ९८. एकच कळप, एकच आवाज!’ ट्रेंट नव्या कोऱ्या बुटांत उभा, बूट शेणात.

पाचशे माणसं वर बघतायत. टोप्या मागे सरकल्या. मग डॉयल — गेली चाळीस वर्षं इथला लिलाव तोच पुकारतो — भोंग्यातून म्हणाला:

“हॉलिस, एक शंका आहे. वळू कुठाय?”

ट्रेंट म्हणाला, “हा काय समोर!”

“पोरा, हा बैल आहे.”

गोठा खदखदला. ट्रेंटला कळेना. डॉयलनं काठीनं दाखवायला सुरुवात केली, जणू बोलीच लावायची आहे. “मान बघ, बारीक. कपाळ बघ, अरुंद. वळूची मान खांबासारखी असते. आणि खाली बघ. बघ ना, लाजतोस कशाला? खाली काही आहे का? नाही. खच्ची केलाय गरिबाला. नांगराला जुंपा, नाहीतर खाटकाला द्या, पण याच्याकडून गडगडाटाची अपेक्षा करू नका!”

मागून मिसेस ओडम ओरडल्या, “एकच आवाज म्हणे! कुठून काढणार?”

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. ट्रेंटही शेवटी हसला, तसा वाईट पोरगा नाही. गाडीशी आल्यावर हळूच म्हणाला, “मूळ चित्रात होतं सगळं, हॉलिस. कार्यालयात म्हणाले, शालीन दिसत नाही. म्हणून पुसलं.”

“आणि मान?”

“मान जुळेना मग. तीही बारीक केली.”

एक्केचाळीस गावांत हा बैल उभा आहे आणि कोणी बोललं नाही! किंवा त्या गावांत आता गुरं ओळखणारं कोणी उरलं नाही.

८ एप्रिल

‘अदलाबदल’मध्ये आज चौदा फोन आले, त्यातले अकरा बैलाबद्दल. एक जण म्हणे, “माझ्याकडे खरा वळू आहे, तुमच्या फलकाशी बदलून घ्या.” ऑर्लीन हसली नाही. “पुढचा फोन,” एवढंच म्हणाली. तिच्या जिवाशी गाठ आहे आणि लोकांना थट्टा सुचतेय.

१७ एप्रिल

दुपारी स्टेशनवर गेलो तर ऑर्लीन टंकयंत्रावर डोकं टेकून झोपलेली. उद्याची मयताची यादी यंत्रात तशीच अडकलेली. ते यंत्रही तिच्याइतकंच जुनं. त्याचं ‘ई’ अक्षर नेहमी अर्धा दाणा वर उडतं. कॅलसमध्ये गेल्या एकतीस वर्षांत जो कोणी मेला त्याच्या नावातला ‘ई’ स्वर्गाकडे निघालेला.

उठवलं नाही. काळजीनं रात्र रात्र झोपत नसणार. तिच्या खुर्चीवर माझा कोट टाकला.

२४ एप्रिल

ट्रेंटशी घासाघीस केली. म्हटलं, सगळं घ्या, पण सकाळचे दोन तास ऑर्लीनचे. तो म्हणाला, “दहा मिनिटं.” मी म्हटलं, “अरे, दहा मिनिटांत आमच्याकडे एक माणूसही नीट पुरून होत नाही.” वीसपर्यंत आला. पण वरचे लोक अडले — बेचाळीस स्टेशनांत एकाच ठिकाणी वेगळा आवाज आला तर तो ब्रँड कसला?

मला त्यांचं म्हणणं पटतं, हेच वाईट आहे. मीही त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. ट्रॅक्टरचे भाग विकले ते याच न्यायानं — सगळे एकसारखे, म्हणून खप.

पण माणूस म्हणजे सुटा भाग नव्हे.

२९ एप्रिल

तळ्यावर गेलो. मासा लागला नाही. उद्या सही.

नेडा जेवताना पुन्हा म्हणाली, “एकदा विचार तिला.”

“नेडा, तिला विचारलं तर ती म्हणेल, माझी काळजी करू नकोस. मग मला सही करावी लागेल. म्हणून विचारत नाही!”

यावर ‘हं’सुद्धा आलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

नाही म्हणालो!

ट्रेंट कागद घेऊन आला होता, पेनाचं टोपणसुद्धा काढून. मी म्हटलं, “पोरा, तुझा बैल घरी ने. कॅलसला अजून सगळं शाबूत आहे.” त्यानं हात मिळवला. जाताना कसंनुसं तोंड करून म्हणाला, “मिस ऑर्लीनना कळवलंत?” बघा! डॅलसच्या माणसालासुद्धा तिची काळजी.

मग थेट तिच्याकडे गेलो. ती उद्याच्या गाण्यांच्या तबकड्या लावत होती. म्हटलं, “ऑर्लीन, पाठवून दिलं त्यांना. जोवर मी आहे तोवर ही खुर्ची तुझी. शेवटच्या दिवसापर्यंत!”

तिनं चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

“शेवटच्या दिवसापर्यंत,” ती म्हणाली.

“अगदी.”

“बरं, हॉलिस. म्हणजे उद्या पाचला.”

आनंदानं शब्द फुटेना तिला! मीच बाहेर आलो, नाहीतर दोघंही रडलो असतो. तळं गेलं, गुडघे आहेत ते आहेतच. पण आज मी स्वतःलाच थोडा आवडलो.

१ मे

पाचला अंथरुणात पडून रेडिओ लावला. “सुप्रभात, कॅलस.” जगातला सगळ्यात सुंदर आवाज. लगेच झोप लागली.

९ मे, शुक्रवार

ट्रेंटनं आमची फाईल परत पाठवली, व्यवस्थित. टॉवरचा परवाना, नकाशे, फोटो. सगळ्यात तळाशी एक पत्र. तारीख गेल्या ऑक्टोबरची, सही नाही. पण प्रत्येक ‘ई’ अर्धा दाणा वर उडालेला.

‘तुमचं यंत्र पहाटे स्वतः उठतं असं ऐकलं. आमच्या मालकांना कृपा करून भेटा. माणूस देवासारखा आहे, म्हणूनच मी सोडते असं त्यांना सांगवत नाही. एकतीस वर्षं साडेतीनला उठतेय. मरण्याआधी एकदा सूर्य माझ्याआधी उठलेला बघायचाय. मी लिहिलं हे त्यांना सांगू नका.’

दोनदा वाचलं. नेडाला दाखवलं नाही.

गजर साडेतीनचा लावला आणि ऑर्लीनला फोन केला. म्हटलं, “उद्या येऊ नकोस. परवाही नको. मी उघडतो.”

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. हे मात्र मला नीट ऐकू आलं.