एका आवाजाची काठी

प्रिय बारक्या,

साठी उलटली तुझी, दुकानाच्या पाटीवर तुझं आख्खं नाव रंगवलंय, तरी मी बारक्याच लिहिणार. फोनवर तुला पकडायला गेलं की "ताई, गिऱ्हाईक आलंय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. घड्याळं दुरुस्त करायला हल्ली इतकी माणसं येतात होय? म्हणून पत्र. पत्राला गिऱ्हाईक आडवं येत नाही. अक्षराला नावं ठेवू नकोस. पाचवीपर्यंतची शाळा, चष्मा जुन्या नंबरचा, आणि सकाळपासून चार वेळा उठलेय. दोन ओळी झाल्या की पाय शिवशिवतात. बाहेर जाते, उगाच दोरीवरचे कपडे चाचपते, परत येते, कुठपर्यंत लिहिलंय ते वाचते आणि मलाच माझा राग येतो.

तुझ्या बायकोनं मला सगळं सांगितलंय. तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. महिन्याभरात दोनदा पडलास. एकदा दुकानाच्या पायरीवर, एकदा न्हाणीघरात. डॉक्टर म्हणाला, पोलिओच्या पायाचा गुडघा आता भार घेत नाही, पायाला कॅलिपर लावा, आताचे हलके असतात, पँटच्या आत दिसतही नाहीत. नाही लावला तर पुढच्या वेळी खुबा मोडेल आणि मग आहेच चाकाची खुर्ची. त्यावर तू काय म्हणालास? "लहानपणी एकदा मिळाला होता, तो मीच फेकला. आता कुठल्या तोंडानं मागू?" आणि माप न देताच उठून आलास. बायको रडते, पोरगी फोन करून करून थकली. आता सगळ्यांनी मला पुढं केलंय, म्हणे ताईचं तो ऐकतो. ऐकतो तर खरं! पण थांब, आधी माझी बातमी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी सध्या मेटल डिटेक्टर घेऊन हिंडते. हस खुशाल. आमच्या शेजारच्या प्लंबरनं फरशीखालचे पाइप शोधायला घेतला होता. त्याला तो आवडेना. म्हणाला, "काकू, याला स्क्रीन नाही, काही नाही. खाली काय आहे ते सांगतच नाही, नुसता ओरडतो." मी म्हटलं, मग खणल्यावर कळतंच की. तर त्यानं तो मलाच देऊन टाकला. एक दांडी, खाली ताटलीएवढी चकती, वर एक बटण आणि एक लाल दिवा, झालं. बटण फिरवायचं, जमिनीपासून चार बोटं वर धरायचा आणि केर काढल्यासारखा इकडून तिकडे हलवत चालायचं. सेल घातले की चालू, काढले की बंद. पुस्तक वाचायला नको, कोणाला विचारायला नको. माझ्यासारखीला यंत्र असावं तर असं. पहिल्या दिवशी मी त्याला काठी म्हटलं आणि अजून काठीच म्हणते.

रोज सकाळी ती काठी घेऊन गिरणीच्या जुन्या क्वार्टर्सच्या मैदानावर जाते. घरापासून दोन बसथांबे. आपल्या खोल्या पाडल्या त्याला वर्षं झाली, पण मैदान तसंच राहिलं होतं. पलीकडची भिंत उभी आहे आणि सार्वजनिक नळाचा तो दगडी ओटाही आहे, नळ मात्र गेला. पहिले दोन दिवस नुसती बाटल्यांची बुचं सापडली. तंबाखूच्या पुडीचा चांदीसारखा कागद असतो ना, तो तर असा ओरडतो जणू खाली हंडाच आहे. मग खिळे, केसातल्या पिना, एक चमचा, किल्ली नसलेलं कुलूप, खेळण्यातल्या गाडीचा सांगाडा. आणि एक झाकण, आईच्या पितळी डब्याचं! काठावरचा तो पोचा तुझ्याच हातून पडलेला, विसरलास? सगळ्याला काठीचा आवाज एकच. बुचालाही तोच आणि पितळेलाही तोच. वाकायचं, खुरपं मारायचं, बघायचं, खड्डा बुजवायचा, पुढं चालायचं. गुडघे बोलतात माझेही, पण मजा येते रे. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतकी मजा मला कुठल्या कामात आली नाही. कोणी वाट बघत नसतं, कोणाला उशीर होत नसतो. तिथला पहारेकरी रोज विचारतो, "मावशी, सोनं सापडलं का?" मी म्हणते, सापडलं असतं तर तुला सांगत बसले असते का?

त्या पहारेकऱ्यानंच सांगितलं की येत्या सोमवारी खोदायचं मशीन येणार, मैदानावर इमारती होणार. तेव्हापासून माझं काही खरं नाही. भात करपतो, दूध उतू जातं. सकाळची जायचे ती संध्याकाळीही जायला लागले. आमच्या चिरंजीवांना वाटलं म्हातारीला खुळ लागलं. मग लागलंच आहे तर नीट लागू दे म्हणून परवा रविवारी त्यानं ऑफिसातल्या मित्राचं भारी यंत्र आणलं. कानाला लावायचे हेडफोन, स्क्रीनवर आकडे, खाली तांबं आहे की चांदी आहे ते आधीच सांगणारं. मला म्हणाला, "आई, सगळ्यात चांगलं काय माहितीये? लोखंडी कचरा असला की हे गप्प बसतं. उगाच वाकायला नको." त्यानं तासाभरात अर्धं मैदान फिरून काढलं. भिंतीच्या कडेनं तर दोनदा गेला. यंत्र गप्प. म्हणाला, "इथं काही नाही, चल घरी." मी चहाच्या निमित्तानं त्याला पिटाळलं. मला लोखंडच हवं होतं, हे त्याला कसं सांगणार?

तुला आता कळलं असेल. नसेल कळलं तर लिहितेच, आता मागं काय फिरायचं.

आपल्या घरी सकाळ कशी असायची आठव. आई पहिल्या पाळीला गेलेली, बाबा रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपलेले. तुला उठवणं, धुणं, खायला घालणं आणि तो कॅलिपर, आपला लोखंडी बूट, चढवणं माझ्याकडे. मी दहाची, तू सातचा. दोन बाजूंना दोन सळ्या, मांडीला दोन पट्टे, पोटरीला दोन, खाली ते जड चामडी पायताण आणि त्याची नाडी वेगळी. तू पाय आखडून घ्यायचास, पट्टा चुकायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. आणि मग तुला घेऊन टकटक टकटक शाळेपर्यंत. फाटक बंद. बाई मला बाहेर उभं करायच्या, तुला आत घ्यायच्या, कारण तुझा पाय. रोज. सगळा वर्ग खिडकीतून बघायचा. एके दिवशी मी ठरवलं, हा बूटच नसला तर? दुपारी तू झोपलेला असताना तो उचलला आणि नळाच्या ओट्यामागं पुरला. तिथं चिखल होता, माझ्या हातांना तेवढंच खणता येत होतं. तू फेकला नाहीस बारक्या. मी पुरला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं बूट कुठाय. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, मी फेकला, टोचत होता. कुठं फेकला, तर आठवत नाही. किती मारलं तुला! मी मोरीत भांडी घासत होते. एकच पातेलं घासत राहिले. मला वाटलं, तू खुळा आहेस, मार खायची हौस आहे. मग आठवड्याच्या आत तुझा रेनकोटही हरवला, त्याचा मार वेगळा. घरात ठरूनच गेलं की हा पोरगा वस्तू टिकवत नाही. गिरणीच्या साहेबाची चिठ्ठी घेऊन, सहा महिने खेटे घालून मिळालेला बूट. बाबा म्हणाले, पुन्हा नाही म्हणजे नाही. तुझा पाय वाकत गेला. बुटाशिवाय तुला एकट्याला चालवेना, म्हणून मी तुला कडेवर घेऊन जायला लागले. आणखी उशीर व्हायला लागला आणि पाचवीनंतर माझी शाळाच सुटली. त्याचाही राग मी तुझ्यावरच काढला, मनातल्या मनात, कितीतरी वर्षं. माझ्या लग्नात तू लंगडत पाहुण्यांना पाणी देत फिरत होतास तेव्हासुद्धा. बूट पुरला त्याला चौपन्न वर्षं झाली. दर वर्षी म्हणायचे, या खेपेला सांगू. तू घड्याळं उघडून बसलेला असायचास आणि मी काहीतरी तिसरंच बोलून उठायचे.

तर आता तो मशीनवाला खोदणार, बूट वर येणार, कचऱ्याच्या गाडीत जाणार. माझी चोरी कोण पकडणार होतं? कोणी नाही. पण तो असा जाऊ नये असं वाटलं. म्हणून संध्याकाळचीही काठी. काठी हाती आली त्याच दिवशी ओट्यामागची जागा पालथी घातली होती. नाही. मग ओट्याच्या चारी बाजू. नाही. दहा दिवस मी स्वतःलाच विचारत होते की वेडे, तू पुरलास तरी का, की ते स्वप्न होतं. काल सकाळी, पोरगा दोनदा फिरून गेला होता त्याच भिंतीशी गेले. कोपऱ्यात तो उंच दगड आहे ना, ज्यावर बसून तू बाकीच्यांचा खेळ बघायचास. काठी तिथं जी ओरडायला लागली ती थांबेचना. जमीन कसली, फरशीच. खुरपं वाकलं. पहारेकऱ्याकडून पहार आणली. तो म्हणाला, "मावशी, मी खणतो." मी म्हटलं, तू लांब उभा राहा. दीड वीत खाली गेल्यावर पिवळट प्लास्टिक लागलं.

तुझा रेनकोट, बारक्या. घट्ट गुंडाळून वर सुतळी बांधलेली, तिचा आता नुसता भुगा. बटणं पांढरी, तिसरं तपकिरी. ते मी लावलेलं, बाबांच्या जुन्या कोटाचं, घरात पांढरं नव्हतं म्हणून. आत आपला बूट.

मी खड्ड्याच्या काठावर बसूनच राहिले. पहारेकऱ्याला वाटलं चक्कर आली, पाणी घेऊन आला. मला हे कधी सुचलंच नव्हतं. नळाजवळ दिवसभर पाणी वाहायचं, दोन दिवसांत सळ्या वर दिसल्या असत्या आणि पहिली बादली भरायला येणारी बाई ओरडली असती. ते तुझ्या लक्षात आलं, माझ्या नाही. तू झोपला नव्हतास तर. खिडकीतून बघत होतास. आणि मग कधीतरी, बुटाशिवाय, तो बूट काखेत मारून, एवढं मैदान तू सरपटत ओलांडलंस आणि त्या दगडासारख्या जमिनीत कशानं खणलंस कोण जाणे. सात वर्षांचा. आणि नंतर रोज त्याच्यावरच बसून खेळ बघत राहिलास.

काल दिवसभर मी तो बूट घासला. रॉकेल लावलं, गंज काढला, चामडं मात्र हातात येतंय. एक बक्कल अजून लागतं. मला तो केवढा मोठा आठवत होता, आणि आहे केवढासा! माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, त्याहून जरा जास्त. पिशवीत घातलाय. तू माझ्यासाठी गप्प बसलास की तुलाही तो टोचत होता, हे मला विचारायचं होतं, पण उत्तर नको, राहू दे. एवढंच सांगायला हे पत्र, की तू काही फेकलं नाहीस. तू सांभाळलंस. तेव्हा कुठल्या तोंडानं मागू वगैरे बाता बंद कर. तुझ्या बायकोला सांगून पुढच्या शुक्रवारी दहा वाजता डॉक्टरची वेळ घेतलीय. मी गुरुवारी दुपारच्या गाडीनं येतेय, काठीही आणतेय, तुझ्या अंगणात काय आहे बघू. त्या दिवशी दुकान बंद ठेव. नव्या बुटाचे पट्टे मी बांधीन. तू पाय आखडून घेतलास तर सोडीन, पुन्हा बांधीन. उशीर झाला तर होऊ दे.

तुझीच,
ताई