अर्ध्या गोळीपासून

३ फेब्रुवारी

आज डॉक्टरणीसमोर रडलो! अठ्ठावन्नाव्या वर्षी, लेकीच्या वयाच्या पोरीसमोर. तिनं एवढंच विचारलं, "काका, झोप लागते का?" पाच महिने झाले, हातमागासमोर बसतो आणि हात पुढं जात न्हाय. साडी अर्धी पडून आहे. वडगावात म्हणतात, नागेंद्र आळशी झाला. डॉक्टरीण म्हणाली, हा आजार आहे — डिप्रेशन.

गोळी दिली. डोक्यातल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, त्याला सिरोटोनिन लागतं म्हणे. पेशी ते लगेच परत ओढून घेतात. गोळी ते जरा जास्त वेळ टिकवते. आठवडाभर अर्धी, मग एक. फरक पडायला चार-सहा आठवडे. दारू बंद. गुडघेदुखीची गोळीसुद्धा तिला विचारल्याशिवाय न्हाय — दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो.

समर्थला सांगायचं न्हाय, बायकोला, अंजनीला बजावलं. पोरगं पुण्यात एकटं असतं.

६ फेब्रुवारी

मळमळ. तोंड कोरडं. बाकी काही फरक न्हाय.

१४ फेब्रुवारी

शेजारचा भावकू म्हणाला, "सोडा त्या गोळ्या अण्णा, लई वाईट. सवय लागती." अंजनी आतून ओरडली, "तुमच्या तंबाखूपरास बरी!" भावकू निघून गेला.

१९ फेब्रुवारी

सकाळपासून जीव नुसता तळमळत होता. नको तो विचार आला — संपवावं सगळं. डॉक्टरणीनं आधीच सांगितलं होतं, सुरुवातीला असं होऊ शकतं, मनात ठेवू नका. अंजनीला सांगितलं. सांगताना तिच्याकडं बघवेना. तिनं ओले हात पदराला पुसले आणि डॉक्टरणीला फोन लावला. तासाभरात बोलावलं. डोस कमी केला, आठ दिवस मला एकटं सोडायचं न्हाय म्हणून अंजनीला सांगितलं.

येताना रिक्षात अंजनीनं माझा हात धरून ठेवला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, चारचौघांत पहिल्यांदाच!

१२ मार्च

"चहात आलं लई झालंय," म्हटलं. अंजनी कप खाली ठेवून माझ्याकडंच बघत राहिली. हसली. मग डोळे पुसले. इतक्या महिन्यांनी मी कशाला तरी नावं ठेवली!

दुपारी वीतभर विणलं.

९ एप्रिल

शहाणपणा केला. बरं वाटतंय म्हणून चार दिवस गोळीच घेतली न्हाय. आता गरगरतंय, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय. डॉक्टरीण रागावली न्हाय. "काका, हे व्यसन नाही. पण शरीर गोळीला सरावलेलं असतं, एकदम तोडायची नाही. बरं वाटल्यावरही सहा महिने तरी घ्यायची. मग मीच हळूहळू कमी करीन." चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन घ्यायच्या न्हाईत, हेही बजावलं.

२६ एप्रिल

समर्थ सुट्टीला आलाय. कोनाड्यातलं गोळ्यांचं पाकीट त्याच्या हाती लागलं. त्यानं आपली बॅग उघडली. आत तसलंच पाकीट!

"मी पण, आप्पा. दीड वर्ष झालं."

सव्वीस वर्षांचं पोरगं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलं. केसांतून हात फिरवत बसलो.