कूलरमधलं सरबत

आर्वी, १४ मे, संध्याकाळ

कूलरच्या पाण्यात मी वाळा टाकते, हे पाहून माझ्या लेकीनं, चिऊनं, आज टाकीत गुलाबाच्या सरबताची अख्खी बाटली ओतली. पंप चिकट, घरभर मुंग्या, आणि तिचा धाकटा भाऊ बंटी कूलरपुढे आ करून बसलेला.

"काऊन ओतलं?"

"बंटी गिलास सांडवते, तूच तं म्हणते. हवेतून नाई सांडत."

नवरा हसत बसला. हसायला काय जातं त्याचं? टाकी मी घासली, जाळ्यांतलं गवत मी धुतलं, कंबर माझी गेली. सुट्ट्या अजून महिनाभर आहेत. कसं व्हायचं?

शेवटी कूलर लावला. बंटी पुन्हा आ करून बसला, शेजारी चिऊ. कोणी बघत नाही असं पाहून मीही आ केला.

हवा गोड लागली. चिऊला सांगायचं नाही.