छान म्हणायचं नाही

दि. ९ नोव्हेंबर

ती. स्व. जाऊबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणजे हातीपायी धड. बाकी माझं तोंड एवढंसं झालंय. बसमध्ये यांनी चकार शब्द काढला नाही. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले की वहिनीनं तुला हाताला धरून सगळं शिकवलं आणि तू तिला चारचौघांत खाली बघायला लावलंस. 

रविवारचं जेवण कशासाठी होतं ते मला माहीत नव्हतं का? तुमची लेक चिंगी चहा-कॉफीचं छोटं दुकान काढतेय, त्यात आईच्या हातचा चॉकलेट पाय ठेवणार, म्हणून घरच्यांनी तो आधी चाखून बघायचा, एवढंच तर काम होतं. आणि दिसत होता तरी किती देखणा! कवचाची कड खरपूस, आत कस्टर्ड असं बसलेलं की सुरी घातली तरी ढळलं नाही. पण पहिल्याच घासाला दूध खाली लागल्याचा वास आला. सगळ्यांनाच आला, जाऊबाई. मामंजींनी पाण्याचा पेला उचलला, चिंगीचे बाबा खिडकीबाहेर बघायला लागले, आणि तरी जो तो छान, छान म्हणत होता. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे. मी म्हणाले की आज जाऊबाईंनी पायाबरोबर पातेल्याचं बूडही खरवडून वाढलेलं दिसतंय. सगळे पोट धरधरून हसले. चिंगीची भागीदार मैत्रीण तर डोळे पुसत होती.

तुम्ही मात्र हसला नाहीत आणि चिडलाही नाहीत. ताटलीतला तुकडा शेवटपर्यंत खाल्लात, चुरासुद्धा बोटानं टिपून. मला वाटतं, शहाण्या माणसानं कसं वागावं ते तुम्ही मला न बोलता दाखवत होतात. ते काही डोळ्यांपुढून जात नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी साखर पेरत बोलते आणि घरच्या माणसांपुढे जीभ अशी सैल सोडते, याची फार लाज वाटते.

माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. लोभ थोडाफार उरला असेल, तर तो तेवढा तरी राहू द्यावा.

आपली
धाकटी


दि. १४ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अगं, किती मनाला लावून घ्यायचं? घरात थट्टा करायची नाही तर काय बसस्टॉपवर करायची? तुझ्या पहिल्यावहिल्या पायाचं कवच कापायला भाऊजींनी हातोडी शोधली होती, तेव्हा मीही काही तोंडाला रुमाल लावून बसले नव्हते. फिटंफाट झाली म्हण. भाऊजींना सांग, वहिनी रुसलेली नाही, तेव्हा त्यांनी फुकटचा अबोला सोडावा.

इकडे सगळं ठीक. मामंजींचं ऐकणं आणखी कमी झालंय, पण स्वतःच्या सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. पाय म्हणजे पायच, तो ताटलीत कशाला, हा विनोद त्यांनी त्या दिवसानंतर चारदा तरी केला असेल. चिंगीच्या दुकानाचं रंगकाम सुरू आहे. पायाचं मात्र मी तिला नको म्हणून सांगितलंय. गॅसपाशी एवढा वेळ उभं राहणं आता होत नाही. बिस्किटं ठेवली, केक ठेवले, तरी दुकान चालेल. याचा तुझ्या बोलण्याशी काही संबंध नाही. कुणी जोडायला आलं तर कानामागे टाक.

जाता जाता एक विचारते. ते पातेल्याच्या बुडाचं तू नुसतं थट्टेनं म्हणालीस, की खरंच तसं होतं? असलं तर किती? जरासं, की घास गिळवेना इतकं? मी रागानं विचारत नाही. फक्त नीट लिही.

मायेत काही उणं आलेलं नाही, ते तू मनात आणू नयेस.

तुझी
जाऊबाई


दि. १८ नोव्हेंबर

प्रिय काकूस,
सा. न.

हे पत्र रागावून लिहितेय, म्हणून आधीच सांगते. दुकानाच्या पाटीवर रंगाऱ्यानं आईचा चॉकलेट पाय अशी ओळ काढून झाली आहे, आणि आई म्हणते की ती पाय करणार नाही. कारण विचारलं तर कधी गुडघे, कधी पाठ. इतकी वर्षं गुडघे कुठे होते? तू त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस आणि तिनं ते गिळलं, असं मला वाटतं. पंधरा दिवसांत दुकान उघडायचंय. ती ओळ पुसायची का ते तूच सांग.

ती आता वागतेही विचित्र. परवा दुकानात रंगाचा इतका उग्र वास सुटला होता की रंगारी स्वतः बाहेर येऊन बसला. मी आणि माझी भागीदार नाकाला ओढणी लावून पायरीवर. आणि आई आत स्टुलावर बसून निवांत पडद्यांची मापं घेत होती! बाहेर ये म्हटलं तर म्हणाली, मला काही होत नाही. हा हट्ट नाही तर काय? कुठे जायचं झालं की अत्तराचा इतका मारा करते की बाबा खिडक्या उघडतात. आणि काहीही केलं की मागे लागते, छान झालंय ना, नक्की ना. आम्ही छान म्हणतो. आणखी काय म्हणणार? त्या रविवारीही मी छानच म्हटलं होतं. आईचं मन कोण मोडणार?

तूच तिची समजूत काढ. बिघडवलंयस तूच. राग आहे, पण काकू म्हणून तू आवडतेसच, त्याला इलाज नाही.

तुझी
चिंगी


दि. २२ नोव्हेंबर

ती. स्व. जाऊबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

काल सुटी होती, म्हणून तुमच्या पद्धतीनं पाय करायला घेतला. तुम्ही विचारलंत ना, किती लागलं होतं? उत्तर लिहिण्याआधी स्वतः करून बघावं म्हटलं. कवच आधी कोरडं भाजून घेतलं. अंड्याचा पिवळा बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर घोटून दुधात घातलं आणि मंद आचेवर ढवळत राहिले. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दोन शब्द बोलून परत आले, तर कस्टर्डनं खाली धरलं होतं. वास असा सुटला की शेजारीण जिन्यातून विचारत आली, काय जळतंय म्हणून. वरून बघाल तर पातेल्यात काहीच दिसत नव्हतं. चॉकलेट घालायचं राहिलं होतं, तेव्हा पिवळंधमक, गुळगुळीत.

तेव्हा हातातला डाव तसाच धरून मी उभी राहिले. जाऊबाई, तुम्ही तर त्या पातेल्यावर वाकून ढवळत होतात. शेजारणीला जिन्यात आला तो वास तुम्हाला तिथे आला नाही? आणि मग तो तुकडा. तुम्ही मला धडा शिकवायला खाल्ला असं मी समजले. चुरासुद्धा टिपून खाल्लात. करपलेल्या पायाचा चुरा कुणी टिपून खातं का?

चिंगीनं रंगकामाचं लिहिलंय, अत्तराचंही. तिला अजून काही कळलेलं नाही. मला विचारायला धीर होत नाही, आणि विचारलं नाही तर त्याहून वाईट वाटेल. तुम्हाला वास येत नाही का?

तसं असेल, तर मी त्या दिवशी कशावर हसले आणि सगळ्यांना हसवलं, ते आठवून अंग चोरावंसं वाटतं. आंधळ्याच्या वाटेत स्टूल ठेवून टाळ्या पिटाव्यात, तसं झालं हे. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर: घास गिळवेना इतकं होतं.

एक सुचवू? खालच्या पातेल्यात पाणी ठेवून वरच्या पातेल्यात कस्टर्ड शिजवलं, तर दूध लागायची भीतीच नाही. मी दुसऱ्यांदा तसंच केलं.

उत्तर लिहावं. रागाचं असलं तरी चालेल, फक्त गुडघ्यांचं नको.

आपली
धाकटी


दि. २६ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नाही येत. त्या मोठ्या तापानंतर गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणतात येईल, नाहीतर येणार नाही. एवढं सांगायला त्यांना इतकं शिकावं लागलं!

गोड कळतं, खारट कळतं, गार-गरम कळतं. चॉकलेट कळत नाही. तोंडात घातलं की नुसती गोड, मऊ चिखलाची गोळी. हे कुणाला सांगायची मला लाज वाटली. घरात स्वयंपाकाचं कुणाचं काही अडलं की माझ्याकडे यायचं, ही माझी जागा. वासच येत नाही म्हटल्यावर त्या जागेवर बसायचं कोणत्या तोंडानं? म्हणून ठरवलं, कुणाला कळू द्यायचं नाही. हात सराईत आहेत, निभेल. प्रत्येक पदार्थ केला की सगळ्यांना विचारायची आणि सगळे छान म्हणायचे. पहिल्यांदा बरं वाटायचं. मग संशय यायला लागला. हे लोक किती दिवस करपलेलं, बिघडलेलं गिळून मला सांभाळून घेताहेत? रात्रंदिवस तोच विचार. आणि त्या रविवारी तू बोललीस. इतक्या महिन्यांत खरं सांगणारी तू एकटी.

लाज वाटली, खूप वाटली. तू हसवलंस म्हणून नव्हे. माझी लेक समोर बसून छान म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला हसण्याचं वाटलं होतं. आता कळतंय, ते घास गिळण्याचं होतं.

पाण्यावर शिजवायचं ते नवशिक्यांसाठी, असं मी तुलाच एकदा शिकवलं होतं. तेव्हा मी तोंड आवरायला हवं होतं. करून बघते.

तू दुकान उघडायच्या आदल्या दिवशी ये. हात माझे, नाक तुझं. चिंगीला मी स्वतः सांगणार आहे. पाय खाऊन झाल्यावर मात्र माझ्यासमोर काही बोलू नकोस. समोर चेहरा बघितला की माणसाचे शब्द बदलतात, तुझेसुद्धा. घरी जाऊन पत्रात लिही, चव कशी होती ते. काहीही लिही, छान लिहू नकोस.

माया आहेच; ती तपासून बघायला ये.

तुझी
जाऊबाई


दि. ५ डिसेंबर

ती. स्व. जाऊबाईंना,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलंत तसं घरी येऊन लिहायला बसलेय. पायाचं लिहीनच, पण आधी एक कबूल करायचं आहे. तुम्ही मला खरं बोलणारी म्हटलंत. जाऊबाई, त्या रविवारी मी खरं बोलायला बोलले नव्हते, टाळी घ्यायला बोलले होते. ते खरं निघालं, यात माझं काही नाही. तुमच्या पत्रात माझं कौतुक वाचलं तेव्हा मला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली. ती तेवढी माझ्याकडे राहू द्या, उपयोगी पडेल.

आमच्या चष्म्याच्या दुकानात रोज एक प्रकार होतो. भिंग बदलून विचारावं, आता बरं दिसतं की मघाशी? भिडस्त माणसं म्हणतात, दोन्ही छान. आणि चुकीचा चष्मा लावून घरी जातात, महिनाभर डोकं धरून बसतात. मी त्यांना हसते. आणि घरी तुमच्या टेबलाभोवती आम्ही सगळे तेच करत होतो.

तुम्ही चिंगीला सांगितलंत तेव्हा मी मुद्दाम मोरीशी जाऊन भांडी विसळत बसले. तरी तिचं रडणं ऐकू आलं. मागून माझ्याजवळ आली आणि म्हणाली की काकू, मी तिला किती वेळा छान म्हटलं गं. मी तिला म्हटलं की आपण सगळ्यांनीच म्हटलं, फक्त यापुढे म्हणायचं नाही. पाटीवरची ओळ राहिली, हे बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

आता पाय. पहिल्यांदा जिभेला फक्त गार लागतो. गोडवा लगेच येतो, तो तुम्हाला कळतोच. चॉकलेट मागाहून येतं, घशाशी, जरा कडवट, आणि घास संपल्यावरही थोडा वेळ तिथेच राहतं. त्यात कॉफी नसताना कॉफीची आठवण येते. कडेला भाजलेल्या लोण्याचा वास आहे, ओव्हनचं दार उघडल्यावर तोंडावर येतो तोच. तुम्हाला तो माहीत आहे, आठवून बघा. दुधाचा स्वच्छ वास, कुठेही लागलेलं नाही. तुम्ही पाण्यावर शिजवलंत आणि वर नवशिक्यांची पद्धत म्हणून पुटपुटत होतात, ते मी ऐकलं.

व्हॅनिला जास्त झालाय. पहिल्या बुचानं तुम्हाला काही जाणवलं नाही, म्हणून माझी पाठ वळल्यावर आणखी घातलात, हो ना? बाटली पुन्हा उघडल्याचा आवाज मला आला होता. तेव्हा बोलले नाही, कारण तुम्ही बजावलं होतं. पुढच्या खेपेला एकच बूच घाला आणि बाटली माझ्याकडे द्या. व्हॅनिलामुळे चॉकलेट मागे ढकललं जातं. दुकान उघडलं त्या दिवशी ज्या बाईंनी तीन तुकडे बांधून नेले, त्यांना ते कळलं नाही, पण मला कळलं.

दर शनिवारी दुकान सुटल्यावर बस धरून येत जाईन. यांना सांगून झालंय. म्हणाले की मी तुला सोडायला येतो, आणि मला माहीत आहे ते कशासाठी.

लोभ आहे तसा राहावा. कधी कमी झालेला वाटला तर छान आहे म्हणू नये, सांगावं.

आपली
धाकटी